कात्री न लावता बदललेला टेप

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि गाडी धडधाकट असेल तर पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. डॅशबोर्डमधल्या टेपच्या वाट्याला एवढे आयुष्य येतेच असे नाही. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली, १९८४ साली पायोनियरने मोटारीसाठी सीडी प्लेअर आणला, २०१४ मध्ये अॅपलचे कारप्ले आले आणि पुढच्याच वर्षी गुगलचे अँड्रॉइड ऑटो. म्हणजे २०१२-१३ साली शोरूममधून निघालेली गाडी कागदोपत्री अजून तरुण असते, तिचे इंजिनही दम धरून असते, पण तिच्यातला टेप सीडी मागतो आणि आज घरात सीडी उरलेली नसते. मंगळवेढ्यासारख्या गावात हा प्रश्न अधिक भेडसावतो. मंगळवेढ्यातून रेल्वे जात नाही, त्यामुळे पंढरपूर, सांगोला, सोलापूर, जत, विजयपूर असे कुठेही जायचे तर रस्त्यानेच जावे लागते. रस्त्यावर ‘एमएच-१३’ आणि ‘एमएच-४५’च्या ज्या गाड्या दिसतात, त्यांत दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या अल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट, बोलेरो पुष्कळ असतात. गाडी बदलण्याइतके पैसे हाताशी नसतात, पण फोनवरचे भजन किंवा बाजारभावाची बातमी गाडीच्या स्पीकरवर ऐकायची असते. तेव्हा टेप बदलायचा, हे ठरते. तो कोणी आणि कसा बदलायचा, एवढेच ठरायचे राहते.

माझे म्हणणे असे, की बहुतेक जुन्या गाड्यांत हे काम घरच्या अंगणात, साध्या अवजारांनी, नीट होऊ शकते. मात्र त्याला एकच अट आहे आणि ती मोडायची नाही. गाडीच्या मूळ वायरिंगला कात्री लावायची नाही. कारखान्यातून आलेली एकही वायर न कापता, न सोलता नवा टेप बसला, तर झालेली कोणतीही चूक अर्ध्या तासात मागे घेता येते. वायर कापली, की तीच चूक गाडीच्या अंगात मुरते. सुरक्षितता, वॉरंटी, पुनर्विक्री, बॅटरी यांविषयी जे आक्षेप घेतले जातात, ते बारकाईने पाहिले तर बहुतेक सगळे कापलेल्या वायरीविषयीचे निघतात. काम घरी झाले की दुकानात, हा मुद्दा त्यामानाने दुय्यम ठरतो.

हे शक्य होते, कारण टेपची जागा प्रमाणित आहे. जर्मनीच्या मानक संस्थेने मोटार-रेडिओसाठी ठरवलेले माप पुढे आयएसओ ७७३६ या नावाने जगभर रूढ झाले. समोरून १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, हा ‘सिंगल डिन’. उंची दुप्पट केली की ‘डबल डिन’. टोयोटाच्या अनेक गाड्यांत रुंदी २०० मिलिमीटर असते, म्हणून तिथे दोन्ही बाजूंना पट्ट्या लागतात. नव्या गाड्यांत कंपन्यांनी डॅशबोर्डच्या नक्षीत टेप असा मिसळून टाकला आहे, की बाहेरून चौकट दिसतच नाही. पण वरचे प्लास्टिकचे आवरण काढले, की आत बहुधा तोच आयत आणि चार स्क्रू सापडतात. बाजारात प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी ‘फ्रेम’ मिळते, ती याच कारणाने. खरेदीला जाताना आधी फ्रेम मिळते का ते पाहावे आणि मग टेप निवडावा. उलट क्रमाने गेलेला माणूस डॅशबोर्ड कानशीने घासताना दिसतो, आणि घासलेले प्लास्टिक परत वाढत नाही.

मागच्या बाजूचे कपलर मात्र इतके एकसारखे नाहीत. युरोपीय गाड्यांत आयएसओ १०४८७ हा कपलर चालत आला. त्याचे दोन भाग असतात, एकात वीज आणि दुसऱ्यात स्पीकर. मारुती, ह्युंदाई, टोयोटा यांचे कपलर आपापले, वेगवेगळ्या आकाराचे. या तफावतीमुळेच कापाकापीची पद्धत पडली. कारागिराकडे त्या गाडीचा जोड कपलर नसला, की तो मूळ कपलर तोडतो, टोके सोलतो, पीळ देतो आणि वरून काळी टेप गुंडाळतो. पाच मिनिटांत आवाज येतो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीच्या आतली हवा बाहेरच्याहून कितीतरी जास्त तापते. त्या उष्णतेत साध्या इन्सुलेशन टेपचा गोंद पातळ होतो, टेप उलगडते, आणि कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी पिळलेले तांबे सैल होत जाते. ही उघडी टोके डॅशबोर्डच्या लोखंडी आधाराला टेकली, की फ्यूज उडतो. फ्यूजऐवजी कोणी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावली असेल, तर वायरच तापते. ‘गाडीने पेट घेतला’ या बातम्यांना अनेक कारणे असतात, पण बाहेरून जोडलेल्या वायरी हे त्यांतले खरे आणि टाळता येण्यासारखे कारण आहे. यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. बाजारात त्याला ‘कपलर टू कपलर’ म्हणतात: एका टोकाला गाडीच्या मूळ कपलरचा जोडीदार, दुसऱ्या टोकाला नव्या टेपचा. नव्या टेपबरोबर आलेल्या वायरी आणि हा तुकडा यांची जोडणी गाडीत वाकून करायची नाही. घरात टेबलावर, उजेडात करायची. डाग द्यावा किंवा योग्य मापाचा क्रिम्प दाबावा, आणि प्रत्येक जोडावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. गाडीत जाऊन फक्त कपलर खटकन बसवायचे राहते. आणि पुढेमागे काही बिघडलेच, तर कापलेली-जोडलेली प्रत्येक जागा आपल्या हातात असते.

आता विजेकडे येऊ, कारण घरी काम करणाऱ्याला खरी भीती तिचीच असते. टेपला तीन वायरी जगवतात. पिवळी थेट बॅटरीवरून येते आणि तिच्यावर चावी काढली तरी १२ व्होल्ट असतात. टेपमधले घड्याळ, साठवलेली स्टेशने, फोनची ओळख यांच्यासाठी ती लागते. लाल वायरीत चावी ‘एसीसी’वर आली, तरच वीज येते. काळी म्हणजे अर्थ. हे रंग नव्या टेपच्या वायरींचे झाले. गाडीच्या मूळ वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवायचा नाही. आयएसओ कपलरमध्ये चौथ्या खुंटीवर कायमची वीज आणि सातव्यावर चावीची, असा नियम आहे. तरी काही युरोपीय गाड्यांत या दोन उलट असतात. उलट जोडल्या गेल्या, तर चावी काढताच टेप सगळे विसरतो. दोन्ही थेट बॅटरीवर जोडल्या, तर टेप कधीच झोपत नाही. यातले काहीही अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. साधा मल्टीमीटर घ्यावा, काळा काटा अर्थला धरावा, लाल काटा एकेका खुंटीवर ठेवून चावी काढलेली आणि चावी फिरवलेली अशा दोन्ही वेळी आकडा पाहावा. पाच मिनिटांच्या या तपासणीने अर्ध्याहून जास्त घोटाळे टळतात. हे मोजमाप करताना बॅटरी जोडलेली असावी लागते. प्रत्यक्ष कपलर काढताना-लावताना मात्र दहाच्या पान्याने बॅटरीची वजा बाजू सोडलेली असली पाहिजे.

न झोपणाऱ्या टेपचा हिशेब मांडण्यासारखा आहे. समजा, गाडी बंद असताना टेप २०० मिलिअँपिअर खातो. दिवसाला ४.८ अँपिअर-तास झाले. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची; ती पूर्ण भरलेली आहे असे धरले, तरी चार दिवसांत तिची निम्मी ताकद जाते आणि सकाळी स्टार्टर नुसता कण्हतो. रोज कामावर जाणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही, कारण इंजिन रोज बॅटरी भरते. पेरणी-काढणीच्या दिवसांत आठवडाभर वस्तीवर उभी राहणारी गाडी मात्र बंद पडते आणि दोष बॅटरीवर येतो. म्हणून काम झाल्यावर मल्टीमीटर १० अँपिअरच्या जागी लावून वजा टोक आणि त्याची वायर यांच्या मध्ये जोडावा, दारे बंद करावीत, गाडीतली उपकरणे झोपेपर्यंत वीस-तीस मिनिटे थांबावे आणि आकडा पाहावा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर निर्धास्त व्हावे. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मारू नये. मीटरचा फ्यूज तिथेच उडतो.

स्पीकरच्या बाबतीत जुन्या काळची एक सवय घात करते. पूर्वीच्या काही टेपांत सगळ्या स्पीकरांची एक बाजू अर्थला जोडलेली चालायची. आजच्या टेपमधला अॅम्प्लिफायर प्रत्येक स्पीकरला दोन्ही बाजूंनी चालवतो; शांत असतानाही दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट असतात. यांतली कोणतीही वायर अर्थला लागली, की चिपवर भार येतो. चांगली चिप स्वतःला बंद करते, हलकी जळते. म्हणून पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरला, राखाडी पुढच्या उजव्याला, हिरवी मागच्या डाव्याला आणि जांभळी मागच्या उजव्याला, अशी शिस्त पाळावी. काळी रेघ असलेली ती त्या जोडीतली वजा. एखादा स्पीकर उलटा जोडला गेला तरी आवाज येतो, पण ढोलकी-मृदंगाचा खालचा घुमार नाहीसा होतो, कारण एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. अनेकांना टेप ‘पोकळ’ वाटतो, त्याचे कारण बरेचदा एवढेच असते.

खोक्यावरच्या ‘४ × ५० वॅट’ या आकड्याविषयीही सांगायला हवे, कारण त्यावर पैसे मोजले जातात. इंजिन चालू असताना गाडीतला दाब १४.४ व्होल्टच्या आसपास. आतला अॅम्प्लिफायर स्पीकरला यापेक्षा जास्त दाब देऊ शकत नाही. ४ ओहमच्या स्पीकरवर १४.४चा वर्ग भागिले ४ केले, तर ५१.८ येतात. पन्नास वॅट जन्मतात ते इथे: आवाजाची लाट पूर्ण चेचून चौकोनी झाली, तर. स्वच्छ सुरेल लाटेसाठी तोच दाब १.४१४ ने भागावा लागतो, म्हणजे १०.२ व्होल्ट आणि २६ वॅट. त्यातही चिपचे स्वतःचे नुकसान वजा जाता हाती अठरा-वीस वॅट उरतात. सीईए-२००६ या मानकानुसार १४.४ व्होल्टवर, ४ ओहमला, एक टक्क्याच्या आत विकृती ठेवून मोजलेला आकडा द्यावा लागतो. खोक्यावर तो असेल तर त्यावर विश्वास ठेवावा. टेपच्या मागे १० अँपिअरचा फ्यूज असताना कोणी शेकडो वॅट सांगत असेल, तर १० ला १४.४ ने गुणून पाहावे. आवाज वाढवण्याची हौस असेल तर चांगले स्पीकर घेतलेले बरे. वेगळा अॅम्प्लिफायर हे काम निराळे आहे: त्याला बॅटरीपासून जाड केबल आणि बॅटरीजवळच फ्यूज लागतो. पहिल्याच कामात ते अंगावर घेऊ नये, असे माझे मत आहे.

आकाशवाणी ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट मंगळवेढ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सोलापूर इथून पन्नासेक किलोमीटर दूर आहे, म्हणजे एफएमचा सिग्नल इथवर येता येता क्षीण होतो. अनेक गाड्यांच्या अँटेनात छोटा अॅम्प्लिफायर असतो आणि त्याला टेपकडून १२ व्होल्ट मिळावे लागतात. नव्या टेपच्या निळ्या वायरीचे एक काम ते आहे. ती जोडलेली नसली तरी सोलापुरात प्रक्षेपकाजवळ रेडिओ खणखणीत लागतो, दुकानातली चाचणी उत्तीर्ण होते आणि मंगळवेढ्यात नुसती खरखर येते. दोष रेडिओचा नसतो, अँटेना उपाशी असते. युरोपीय गाड्यांत हीच वीज अँटेनाच्या केबलमधूनच पाठवावी लागते, त्यासाठी वेगळा जोड मिळतो. दुसरी गफलत सेटिंगची. अमेरिकेत एफएमची स्टेशने फक्त विषम दशांशांवर असतात आणि मीडियम वेव्हमध्ये दोन स्टेशनांतले अंतर १० किलोहर्ट्झ धरतात. आपल्याकडे ते ९ आहे. टेप अमेरिकी पट्ट्यावर राहिला, तर पुण्याची १०१.० मेगाहर्ट्झवरची विविध भारती त्याला नेमकी पकडताच येत नाही, तो १००.९ वरून थेट १०१.१ वर उडी मारतो. सेटिंगमध्ये प्रदेश बदलला की काम होते.

‘एअरबॅगच्या गाडीत डॅशबोर्ड उघडायचा म्हणजे जिवाशी खेळ’ हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. पुढे शेजारच्या आसनासाठीही ती आली. टेपच्या कामात या यंत्रणेला हात लावण्याची वेळ सहसा येत नाही. तिचे कपलर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात, ते दिसले की हात मागे घ्यायचा. बॅटरी सोडल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली मिनिटे थांबावे. पुस्तिका नसेल तर पाचेक मिनिटे जाऊ द्यावीत. ज्या गाडीत टेपपर्यंत पोहोचायला स्टिअरिंग किंवा शेजारची एअरबॅग काढावी लागते, तिथे काम घरी करूच नये. त्याच २०१९ च्या नियमांनी मागचे पार्किंग सेन्सरही सक्तीचे केले आणि काही गाड्यांत त्यांचा इशारा टेपच्याच स्पीकरमधून येतो. टेप काढला आणि तो इशारा मुका झाला, तर अंगणात खेळणाऱ्या पोरासाठी बसवलेली सोय आपण काढून टाकली, असा त्याचा अर्थ होतो. आधी हे तपासावे, मग पुढे जावे. हँडब्रेकची फिकट हिरवी वायर असते, ती हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसावा म्हणून. ती थेट अर्थला लावून चालत्या गाडीत पिक्चर लावण्याची युक्ती सर्रास शिकवली जाते. ती शिकू नये.

वॉरंटीचे भय मात्र जरुरीपेक्षा मोठे केले गेले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर निकाल देताना १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि तपासणीची साधने त्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या सदोष कामामुळेच नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच नाकारा, असेही आदेशात आहे. प्रकरण पुढे अपिलात गेले, आणि आदेश दुरुस्तीविषयी आहे, टेप बदलण्याविषयी नव्हे, हे मान्य. पण नुकसान आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो, हे तत्त्व इथेही लागू पडायला हवे. वायर न कापता काम केलेल्या मालकाच्या हाती हीच बाजू असते: जुना टेप परत लावून ‘बघा, गाडी जशीच्या तशी आहे’ असे तो दाखवू शकतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी पुस्तिकेतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि त्या पुस्तिकेत टेपची नोंद नसते. विम्याचे मात्र विसरू नये. कंपनीकडून न आलेले विद्युत उपकरण पॉलिसीत वेगळे नोंदवावे लागते. मोटार टॅरिफमध्ये त्यासाठी आयएमटी-२४ ही तरतूद आणि किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता होता. नोंद नसेल, तर चोरीला गेलेल्या नव्या टेपचे पैसे मागता येणार नाहीत.

‘घरीच सगळे केले, तर गावातल्या कारागिराने खायचे काय?’ हाही प्रश्न येतो आणि तो प्रामाणिक आहे. ऑटो इलेक्ट्रिशियनचे खरे कसब डायनॅमो, स्टार्टर आणि जळलेल्या वायरिंगचा दोष शोधण्यात असते. कपलर बसवण्याला ते लागत नाही. शिवाय ज्याने एकदा स्वतः टेप बदलला आहे, तो गिऱ्हाईक म्हणून अधिक चांगला ठरतो: तो कपलर मागतो, पिळलेला जोड चालवून घेत नाही, आणि नीट कामाचे दोन पैसे जास्त द्यायला तयार असतो. घाईच्या कामाची सवय गिऱ्हाइकाच्या अज्ञानावरच पोसली गेली आहे.

एका ठिकाणी मात्र माझा युक्तिवाद थांबतो. बॉशने १९८६ साली डेट्रॉइटमध्ये ‘कॅन’ ही पद्धत जाहीर केली. तिच्यात गाडीतली उपकरणे दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. अशा अनेक गाड्यांत टेपला चावीची वेगळी वायरच नसते, तो निरोप कॅनवरून येतो. एसीचे आकडे, दारांची सूचना, गाडीची सेटिंग पडद्यावरूनच चालतात. इथे नवा टेप म्हणजे त्याच्यासोबत निरोप उलगडणारा डबा आला, तो नेमका त्याच मॉडेलचा हवा, आणि स्वस्त डब्याने गाडीला झोपूच दिले नाही तर पुन्हा बॅटरीचा हिशेब आलाच. अशा गाडीत मूळ टेप ठेवावा आणि ऑक्स किंवा यूएसबीच्या खाचेत ब्लूटूथचा छोटा जोड लावावा. गरज भागते आणि डॅशबोर्ड उघडावाच लागत नाही.

या अडचणीतला मोठा भाग तंत्रज्ञानाने आणलेला नाही. माहिती दडवल्याने तो आला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले आणि त्यात शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्यासोबत मोटारीही घेतल्या. त्या यादीत कंपन्यांनी एक साधी गोष्ट द्यावी, अशी मागणी मालकांनी लावून धरली पाहिजे: टेपच्या मागच्या कपलरच्या प्रत्येक खुंटीवर काय आहे याचा तक्ता, गाडीसोबतच्या पुस्तिकेत, मराठीतून. टायरमधली हवा किती भरायची हे कंपन्या दारावर लिहून देतातच. चौथ्या खुंटीवर कायमची वीज आहे आणि सातव्यावर चावीची, हे छापायला अर्धे पान पुरते, आणि ते पान हाती असलेल्या माणसाला मूळ वायर सोलून पाहण्याची वेळच येत नाही.